आई उठून पुढे गेली तो रविवार

मी मँडोलिन वाजवते असं कळलं की अमेरिकेत मी राहते त्या कॅरीतली नवी मराठी मंडळी कौतुकानं माना डोलावतात, आणि कुठे वाजवते ते कळलं की जरा गप्प होतात. पुण्याहून, नागपुराहून आलेली, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी ही मुलं मला मावशी म्हणतात. परवा त्यातल्या एकीनं धीर करून विचारलं, "मावशी, तुम्ही तर रिटायर्ड फार्मसिस्ट ना? मग वीकेंडला चर्चमध्ये परफॉर्म कसं काय करता? म्हणजे, यू नो, कन्व्हर्ट वगैरे झालात का?" मी म्हटलं, मी नाही झाले, पण आमची आई एकदा होता होता राहिली. ती हसली, म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं असणार. थट्टा नव्हती. आठवड्याचे पाच दिवस औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये गिटार-बँजोवाल्यांच्या घोळक्यात उभं राहायचं, असं माझं आयुष्य गेलं. हे नीट सुरू व्हायच्या आधीच संपायची वेळ एका आठवड्यात आली होती. त्या आठवड्याबद्दल मी आजवर कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायचं तर आईची चूक सांगावी लागते आणि तिच्यामागे दडलेला माझा लबाडपणाही. आता आई नाही, बाबाही नाहीत, तेव्हा सांगून टाकते.

आम्ही राहायचो ते डोंगराच्या पायथ्याचं गिरणीचं गाव होतं, कॅरीपासून गाडीनं तीन तासांवर. बाबा कापडगिरणीच्या रंगखात्यात केमिस्ट होते. त्यांच्या नखांच्या कडांना कायम निळसर छटा असायची आणि आई त्यांना जेवायला वाढताना रोज न चुकता "हात धुतलेत ना?" असं विचारायची. गावात आमच्याशिवाय दुसरं भारतीय घर नव्हतं, पण आईला त्याचं फारसं काही वाटत नसे, कारण तिला तिच्या ओळखीचे जिन्नस तिथे सापडत गेले होते. बाजारात भेंडी मिळायची. रस्त्याच्या कडेला लोक मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा विकायचे. शरद ऋतूत डोंगरातले शेतकरी बरण्या भरून काकवी आणायचे. ती उसाची नसून ज्वारीसारख्या ताटांची असायची, पण आईनं पहिल्यांदा बोट बुडवून चाखली तेव्हा ती रडली होती. आमच्या शेजारी हार्लन आणि लोरीन राहायचे. हार्लन त्याच गिरणीत माग दुरुस्त करायचे. एकदा आईनं कुंपणापलीकडे पाहिलं तर हे गृहस्थ पायरीवर बसून पेल्यातल्या ताकात मक्याचा ब्रेड कुस्करून चमच्यानं खात होते. आई घरात येऊन बाबांना म्हणाली, ताकात भाकरी कुस्करून खाणारा माणूस वाईट असू शकत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात ते हार्लनकाका झाले आणि लोरीन लोरीनकाकू झाल्या. तोंडावर मात्र आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे मिस्टर हार्लन आणि मिस लोरीन म्हणायचो.

बुधवारी संध्याकाळी त्यांच्या मागच्या ओसरीवर बँडचा सराव चालायचा. हार्लनकाका गिटार, लोरीनकाकू माणसाएवढा उभा बेस, लोरीनकाकूंचा भाऊ डूई बँजो, आणि हार्लनकाकांचा पुतण्या मँडोलिन. विजेचं एकही वाद्य नाही. या डोंगरातल्या संगीताला ब्लूग्रास म्हणतात आणि त्याच वाद्यांवर देवाची गाणी म्हटली की ते ब्लूग्रास गॉस्पेल होतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच कळायचं की ते सुरू झालं की मला घरात बसवत नाही. मी कुंपणाशी उभी राहून टाळ्या वाजवायचे, आणि माझी टाळी हमखास चुकायची. आपली आरतीची टाळी ठोक्यावर पडते. त्यांची टाळी दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडायची. डूई एकदा ओरडून म्हणाला की ह्या पोरीला आत तरी घ्या नाहीतर गप्प तरी करा, सगळ्यांना बहकवतेय. हार्लनकाकांनी आत घेतलं. पुतण्या दुसऱ्या राज्यात नोकरीला गेला तेव्हा त्याची जागा रिकामी झाली आणि त्याचं मँडोलिन हार्लनकाकांनी माझ्या मांडीवर ठेवलं. मी पंधरा वर्षांची होते. सहा महिने त्यांनी मला एकही गाणं शिकवलं नाही. फक्त चॉप शिकवला. चॉप म्हणजे तारा दाबून धरायच्या, पिकचा, म्हणजे तार छेडायच्या चकतीचा, फटकारा मारायचा आणि लगेच बोटं ढिली सोडायची, म्हणजे सूर उमटायच्या आत मरतो आणि नुसता 'चक्' असा आवाज उरतो. ह्या बँडमध्ये ढोल नसतो, तेव्हा मँडोलिनच ढोल. आणि तो 'चक्' बरोबर त्या मधल्या फटीत पडायला हवा.

तो मी शिकले आमच्या स्वयंपाकघरात. आई खलबत्त्यात दाण्याचं कूट करायची. बत्ता खाली आपटला की 'ठक्', मग मी 'चक्', मग 'ठक्', मग 'चक्'. आधी आई वैतागली. मग तिला गंमत वाटायला लागली, आणि पुढे पुढे तर कूट लागत नसलं तरी ती चार दाणे टाकून कुटत बसायची आणि मला म्हणायची, "ये गं, तुझं ते बडव." बाबा बाहेरच्या खोलीतून विचारायचे की आज पुन्हा दाण्याची आमटी आहे का. आमच्या घरात त्या वर्षी दाण्याचं कूट घातलेले जेवढे पदार्थ झाले तेवढे कुठल्याच मराठी घरात झाले नसतील. आजही मी वाजवायला उभी राहिले की मला ठोक्याच्या जागी आईचा बत्ता ऐकू येतो, आणि माझा हात त्यानंतर आपोआप पडतो. हे मी बँडमधल्या कुणाला सांगितलेलं नाही.

पुढे मी गायलाही लागले. ह्या गाण्यात चार जण चार वेगळे सूर धरून एकाच वेळी गातात आणि ते एकमेकांत बसावे लागतात. मला वरखालचा, अडनिडा, बाकीच्यांना नको असलेला सूर मिळाला. नवख्याला तोच देतात. एकच मायक्रोफोन, त्याभोवती चार डोकी, आणि ज्याची पाळी त्यानं कोपरानं वाट काढत पुढे सरकायचं. महिन्यातून एकदा हार्लनकाका त्यांच्या गाडीतून मला डोंगरातल्या त्यांच्या छोट्या चर्चमध्ये न्यायचे. तिथे मी वाजवायचे, गायचे आणि दुपारी घरी परत. मला कुणी कधी काही विचारलं नाही. बाबांना हे आवडत नव्हतं, पण महिन्यातून एकदाचं म्हणून ते गप्प असायचे. दोन वर्षं अशी गेली. मग चर्चनं ठरवलं की आता हाच बँड दर रविवारी वाजवेल, आणि हार्लनकाकांनी कुंपणाशी येऊन बाबांना रीतसर विचारलं. बाबांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि घरात आल्यावर दार लावलं. राज्याच्या राजधानीच्या बाजूला महिन्यातून एकदा मराठी मंडळी जमायची, तिथे एका काकूंनी आईला आधीच ऐकवलं होतं, "तुमची विद्या चर्चमध्ये गाते म्हणे? लक्ष ठेवा हो, मुली हातच्या जातात." ते बाबांना लागलं होतं. शेवटी त्यांनी एक तोडगा काढला. आईनं एकदा त्या चर्चमध्ये जाऊन सगळं डोळ्यांनी बघावं. ती ठीक म्हणाली तर दर रविवार. ती नको म्हणाली तर मँडोलिन शेजाऱ्यांना परत. मला ते मान्य करावंच लागलं. माझं सगळं नशीब आईच्या एका भेटीवर येऊन ठेपलं होतं.

तो रविवार त्यांच्या घरवापसीचा होता. वर्षातून एकदा, गाव सोडून गेलेली माणसं त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये परततात, सकाळी प्रार्थना होते, मग झाडाखाली लांब टेबलं मांडून प्रत्येकीनं घरून आणलेलं जेवण, आणि दुपारभर गाणी. आईनं मोरपंखी साडी नेसली आणि केळं घातलेला शिरा पातेलंभर केला. बाबा घरीच राहिले. चर्चमध्ये आई दुसऱ्या बाकावर कडेला बसली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि सगळं मन लावून ऐकत राहिली. तिला इंग्रजी जेमतेम यायचं आणि तिथल्या डोंगरी उच्चारांचं तर अजिबात कळत नसे, पण माझं वाजवणं झालं की ती शेजारच्या बाईकडे बघून मान हलवायची. माझा जीव भांड्यात पडत होता. सगळं छान चाललं होतं.

प्रवचन संपलं की तिथे एक रीत असते. प्रीचर हात पसरून बोलावतो: ज्याला आपलं आयुष्य येशूच्या हवाली करायचं आहे त्यानं उठून पुढे यावं. बँडनं तेव्हा एकच कडवं हळू आवाजात पुन्हा पुन्हा वाजवायचं आणि प्रीचरनं खूण करेपर्यंत थांबायचं नाही. त्या दिवशी तीन-चार जण उठून पुढे गेले, गुडघे टेकून बसले. आणि मी वाजवत असताना बघते तर आई चपला काढतेय. तिनं चपला बाकाखाली नीट सरकवल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि रांग लागल्यासारखी त्यांच्यामागोमाग निघाली. पुढे जाऊन तिनं गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं, उठली आणि प्रसादासाठी उजवा हात पुढे केला. प्रीचरनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी विचारलं, "बहिणी, येशूला तुझ्या हृदयात जागा देतेस?" आई म्हणाली, "येस, येस." मी चार पावलांवर होते आणि मला वाजवणं थांबवता येत नव्हतं.

आईच्या बाजूनं ते अगदी सरळ होतं, हे तिनं मला नंतर सांगितलं. देवळात गेल्यावर देवापुढे वाकल्याशिवाय कोण निघतं? माणसं उठली, दर्शनाला निघाली, तीही निघाली. बाकावर बसून राहणं तिला उद्धटपणाचं वाटलं. आणि येशूला जागा देतेस का, एवढं तिला कळलं होतं. त्याला ती नाही कशी म्हणणार? आमच्या देव्हाऱ्यात आधीच सात जण होते, आठव्याला जागा करायला तिची काही हरकत नव्हती. पण प्रीचरनं सगळ्यांना सांगितलं की आपली ही बहीण आज तारली गेली आणि पुढच्या रविवारी नदीवर तिचा बाप्तिस्मा होईल. सगळं चर्च उभं राहिलं. बायकांनी आईला मिठ्या मारल्या. लोरीनकाकू बेस आडवा ठेवून धावत गेल्या आणि आईच्या गळ्यात पडून हुंदके देत म्हणाल्या की दोन वर्षं मी ह्याच क्षणासाठी प्रार्थना करत होते. आई त्यांच्या पाठीवर थोपटत होती, मान हलवत होती, आणि मधेच माझ्याकडे बघून हसली. किती प्रेमळ माणसं आहेत, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मी तिथेच बोलायला हवं होतं. चार वाक्यांचं काम होतं. पण हार्लनकाका इतके खूश होते, आणि डूई, जो मला कधी नावानं हाकसुद्धा मारत नसे, त्यानं येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवला. जेवणाच्या टेबलावर लोकांनी आईचा शिरा चाटूनपुसून खाल्ला. मी गप्प राहिले. घरी आल्यावर आईनं बाबांना सांगितलं की इतकी भाविक माणसं मी पाहिली नाहीत, पुजाऱ्यानं तर माझा हात धरून आशीर्वाद दिला, पोरगी सुरेख वाजवते, जाऊ दे तिला. बाबा म्हणाले, तू म्हणतेस तर जाऊ दे. दर रविवारी. आणि मी पुन्हा गप्प राहिले. दोन्हीकडची माणसं आपापल्या समजुतीवर खूश होती आणि त्या दोन समजुतींच्या मधे माझं मँडोलिन सुखरूप होतं. रविवार यायला सात दिवस होते. काहीतरी होईल, पाऊस येईल, नदी चढेल, अशा आशेवर मी होते. सतरा वर्षांच्या माणसाला सात दिवस फार वाटतात.

सोमवारपासून आमच्या दारात चर्चच्या बायकांची रीघ लागली. कुणी केक, कुणी पीचचा मुरंबा, कुणी आईचं नाव सोनेरी अक्षरांत घातलेलं बायबल. आई प्रत्येकीला शंकरपाळे देत होती आणि दिवाळीला नाही इतकी माणसं आली म्हणून हरखली होती. गुरुवारी दुपारी लोरीनकाकू आल्या, त्यांच्या हातावर पांढराशुभ्र पायघोळ झगा होता. त्यांनी तो आईच्या अंगावर चढवला आणि टाचण्या घेऊन खालची पट्टी दुमडायला बसल्या. आई स्वतःकडे बघत राहिली. मग तिनं मला मराठीत विचारलं, "हे पांढरं कशाला गं? हिला सांग, माझा नवरा चांगला धडधाकट आहे." मी काहीतरी पुटपुटले. आई म्हणाली, "नीट सांग." तेव्हा मी तिला सांगितलं की हे घालून रविवारी तुला नदीत बुडवणार आहेत, आणि का बुडवणार आहेत तेही सांगितलं. आई एकदम स्थिर उभी राहिली, टाचण्या लावत असताना माणूस राहतो तशी. मग म्हणाली, "हिला आत्ता सांग. सगळं."

मी सांगितलं. लोरीनकाकू जमिनीवर बसूनच ऐकत होत्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी आईच्या अंगावरून झगा काढला, एकेक टाचणी उपसून डबीत ठेवली आणि घडी घातली. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाल्या, "दोन वर्षं, विद्या. रोज." त्या गेल्यावर आईनं मला विचारलं, "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?" मी म्हटलं, रविवारपासून. तिनं थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मी अडाणी ठरले त्याचं मला काही नाही. पण मी त्यांच्या देवापुढे वाकून खोटं बोलले असं त्यांना वाटणार. ते मला नको. हे निस्तरायचं, आणि तू निस्तरायचं. मी शेजारी उभी राहीन."

संध्याकाळी बाबांना कळलं. ते ओरडले नाहीत. ते रागावले की फार शुद्ध बोलायचे. "आता त्या वाद्याचा आपल्या घराशी संबंध उरला नाही," असं म्हणून त्यांनी पेटी स्वतः बंद केली. आई म्हणाली, आधी चूक, मग वाद्य. मी कुंपण ओलांडून हार्लनकाकांकडे गेले. त्यांना लोरीनकाकूंनी सांगितलं होतंच. ते गिटारची एक तार पिळत बसले होते, आणि बराच वेळ ती सुरातच येईना. शेवटी म्हणाले की जे चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं गेलं ते सगळ्यांसमोरच परत घ्यावं लागेल. प्रीचरशी मी बोलतो, रविवारी तुला उभं राहावं लागेल. मी विचारलं, आणि बँड? ते म्हणाले, "बँड चर्चचा आहे. तुला ठेवायचं की नाही ते चर्च ठरवेल, हात वर करून. माझं मत एकच धरतात." तिथली रीतच तशी आहे, छपराचे पत्रे बदलायचे असले तरी ती माणसं मत घेतात. मी घरी येऊन बाबांना म्हटलं की मी खरं सांगणार आहे, आणि मला ठेवा असंही विचारणार आहे. बाबा म्हणाले, भीक मागायची नाही. मी म्हटलं, मागणार नाही, विचारणार. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले, आणि खाली बघितलं ते त्यांनी.

रविवारी आम्ही तिघंही गेलो. बाबा कोट घालून सगळ्यात मागच्या बाकावर बसले, मँडोलिनची पेटी पायाशी, परत द्यायच्या तयारीनं. प्रीचरनं मला बोलावलं. आई माझ्या शेजारी आली. मी म्हटलं, "माझी आई पुढे आली ती नमस्कार करायला. आमच्याकडे देवापुढे वाकल्याशिवाय कुणी निघत नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा ती हो म्हणाली, आणि ते तिच्या मनातलं होतं. पण ती तिचे देव सोडणार नाही, आणि मीही नाही. हे मला त्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले, कारण मला वाजवायचं होतं. अजूनही वाजवायचं आहे." माझा आवाज कापला नाही, ह्याचा मला अजून अभिमान आहे. मग आईनं तीन दिवस पाठ केलेलं एकच वाक्य म्हटलं, "आय डिड नॉट लाय टु युवर गॉड." आणि हात जोडले.

मग एक वयस्कर गृहस्थ उठले, त्या चर्चमधले मानाचे. ते सावकाश म्हणाले की मुलीनं खरं सांगितलं हे चांगलं केलं. पण गाणं म्हणजे साक्ष असते, आणि ज्याचा विश्वास नाही त्यानं साक्ष देऊ नये. तारांचं तसं नाही, तारा शब्द बोलत नाहीत. तेव्हा त्यांनी दोन प्रश्न मांडले. मुलीनं वाजवावं का? हात वर आले, पुष्कळ आले, पुरेसे आले. मुलीनं गावं का? हार्लनकाकांचा हात वर गेला, डूईचा गेला, आणखी सात-आठ गेले. नको म्हणणारे? बाकीचे सगळे. त्यात लोरीनकाकूंचा हात होता. त्यांनी तो माझ्याकडे बघत वर केला, चोरून नाही. मला रडू आलं. अपमान वाटला, आणि तो खोटा नव्हता. पण मला हेही कळत होतं की त्यांच्या जागी आई असती तर तिनंही हात वरच केला असता. पुढे सहा वर्षांनी तो ठराव उठला, आणि उठवायचा प्रस्ताव लोरीनकाकूंनीच मांडला. पण त्या दिवशी मला सहा वर्षं दिसत नव्हती. मला फक्त दिसत होतं की माझी अर्धी जागा राहिली आहे, आणि अर्धी घ्यायची की सोडायची हे आत्ता, सगळ्यांसमोर ठरवायचं आहे. मी मागे बाबांपर्यंत चालत गेले, त्यांच्या पायाशी ठेवलेली पेटी उचलली आणि परत पुढे आले. त्यांनी मला अडवलं नाही.

हार्लनकाकांनी चार आवाजांचंच गाणं सुरू केलं. मायक्रोफोनपाशी तिघं गात होती आणि मी तोंड मिटून 'चक्', 'चक्' करत होते. गाण्यात तीन सूर होते आणि चौथ्याच्या जागी काहीच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही, सूर इकडचा तिकडेही सरकवला नाही. मग प्रवचन झालं, पुन्हा ते बोलावणं झालं, माणसं उठून पुढे गेली. आई दुसऱ्या बाकावर बसून राहिली. तिनं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली होती. देवासमोरून न वाकता उठणं तिला किती जड गेलं असेल ते मीच जाणते.

परत येताना बाबा गाडी चालवत होते आणि मी त्यांच्या शेजारी बसले होते. डोंगर संपून सपाट रस्ता लागला. बाबांना गाण्यातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच नेहमी सांगत. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "त्या पहिल्या गाण्यात एका बाजूला मोकळं मोकळं वाटत होतं."

मी म्हटलं, "हो."

"तिथे तू असायचीस?"

"हो."

त्यांनी काच थोडी खाली केली. आई मागे डोळे मिटून बसली होती, पण झोपली नव्हती. गिरणीची चिमणी दिसायला लागली तेव्हा बाबांनी विचारलं, "रविवारी तिथे किती वाजता पोहोचायचं असतं?"

"साडेआठला."

"मग सातला निघू," बाबा म्हणाले.